शेगडी, झाकण आणि धूर

घरी मांस भाजायचे किंवा धुरावायचे ठरवले की पहिला प्रश्न हमखास साधनाचा निघतो. बाजारात घडीच्या पत्र्याच्या शेगडीपासून लाखभर रुपयांच्या सिरॅमिक भट्टीपर्यंत सगळे मिळते. टेक्सासमधल्या भट्ट्यांचे व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटू लागते, की तसली भट्टी नसेल तर हे आपले काम नव्हे. मला हे पटत नाही. हे काम जिथे जिथे उत्तम होते, तिथे ते मडके, बांबूचा ताटवा, चिरलेले पिंप, विटांचा चौकोन अशा हाताशी असलेल्या वस्तूंवरच घडत आले आहे. निखारे मांसापासून किती दूर, हवा किती, झाकण आहे की नाही आणि कोणते काम आधी, कोणते नंतर, एवढे कळले की साधन दुय्यम होते. यातला शेवटचा मुद्दा, कामांचा क्रम, आपल्याकडच्या मांसासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

भाजणे आणि धुरावणे ही दोन वेगळी कामे आहेत. भाजताना मांस निखाऱ्यांच्या थेट धगीवर असते आणि काम मिनिटांचे असते. वरचा थर कोरडा होऊन साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे गेला की त्यातली प्रथिने आणि साखर यांच्यात ती प्रक्रिया जोरात सुरू होते, जिचे पहिले वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. खरपूस रंग आणि खमंग वास तिथून येतो. पृष्ठभाग ओला असेल तर तापमान शंभराच्या आसपास अडकून राहते आणि मांस भाजण्याऐवजी उकडते. म्हणून दह्यात मुरवलेले तुकडे शेगडीवर चढवण्याआधी निथळून घ्यायचे.

धुरावण्यात निखारे बाजूला आणि मांस झाकणाखाली असते. आतल्या हवेचे तापमान १०० ते १३० अंश आणि काम तासांचे. इथे मोठा, चिवट तुकडा लागतो. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन साठ-सत्तर अंशांपासून हळूहळू विरघळू लागते, ऐंशीच्या पुढे वेगाने, आणि नव्वद-पंचाण्णवला पोचलेला चिवट तुकडा चमच्याने सुटतो. कोवळा तुकडा इतका वेळ ठेवला तर मात्र भुसा होतो. मोठा तुकडा धुरावताना साधारण ६५ ते ७५ अंशांवर आतले तापमान तासन्‌तास हलत नाही, आणि नवशिका घाबरून निखारे वाढवतो. मांसातून सुटणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन त्याला थंड ठेवत असते, दुसरे काही नाही. तुकडा फॉइलमध्ये किंवा केळीच्या पानात घट्ट गुंडाळला की काटा पुन्हा चढू लागतो.

आता धुराची चव. निखाऱ्यांवर भाजले की धुराची चव येते असे आपण धरून चालतो, पण चांगल्या पेटलेल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतो. लाकडातले लिग्निन जळते तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही सुवासिक द्रव्ये सुटतात. लाकडाचा कोळसा होतानाच ती बहुतेक उडून गेलेली असतात. टिक्क्याला जो वास येतो तो मुख्यतः निखाऱ्यांवर ठिबकलेल्या चरबीचा आणि मसाल्याचा असतो. लाकडी धूर हवा असेल तर निखाऱ्यांवर लाकडाचा तुकडा ठेवावाच लागतो.

आपल्या धुंगाराचेही तेच. वाटीत लालबुंद निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण, ही युक्ती खिमा, दाल, वांग्याचे भरीत यांना दोन-चार मिनिटांत वास देते. तो धूर तुपाचा असतो, लाकडाचा अगदी थोडा. तो वास वरवर बसतो आणि काही वेळाने विरतो. धुंगार ही उत्तम गोष्ट आहे, फक्त ती धुरावण्याच्या जागी बसत नाही. तुपाबरोबर निखाऱ्यावर लवंग किंवा दालचिनीचा तुकडा टाकला तर चव जरा खोल जाते.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२ व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात निखाऱ्यांवर मांस भाजण्याच्या कृती आहेत. म्हणजे मराठवाड्याच्या शेजारी नऊशे वर्षांपूर्वी हे काम राजाच्या ग्रंथात नोंदवण्याजोगे मानले जात होते. तरी ग्रंथांपेक्षा शेतांत आणि परसांत जे टिकले ते मला जास्त शिकवणारे वाटते.

रायगड जिल्ह्यातली पोपटी घ्या. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग-पेणकडे मडके बाहेर निघते. तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे, अंडी, बटाटे, आणि तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ करतात. आत पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगा आणि पाला यांच्या स्वतःच्या वाफेत अर्ध्या तासात सगळे शिजते, आणि झाले की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून ते लगेच उडते का यावरून ओळखतात. हे धुरावणे नव्हे, कारण धूर आत फारसा शिरत नाही. बंद भांडे, कोरडी आच आणि सुगंधी पाला यांचे हे शिजवणे आहे. साध्या साधनात तापमान कसे राखावे याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे दिसत नाही: मडक्याची जाड माती पेंढ्याचा भडका सोसते आणि आत धग सावकाश सोडते.

विरार-आगाशीकडचे भुजिंग याच्या उलट. कोंबडीचे तुकडे उघड्या निखाऱ्यांवर भाजायचे आणि मग पोहे, बटाटे, मसाला यांच्याबरोबर परतायचे. भाजलेल्या कोंबडीचा रस आणि करपट कडांची चव पोहे शोषून घेतात. दोन टप्प्यांत काम करण्याची ही पद्धत पुढे बोकडाच्या मांसाच्या वेळी उपयोगी पडणार आहे. आणि कोकणात चुलीच्या निखाऱ्यांवर भाजलेला बांगडा तर ज्याने खाल्ला त्याला समजावून सांगायला नको.

धुराने मांस टिकवायची खरी परंपरा पाहायची तर नागालँडकडे वळावे लागते. तिथे घरातल्या चुलीच्या वर ताटवा टांगलेला असतो आणि डुकराच्या मांसाच्या पट्ट्या त्यावर कित्येक दिवस धूर खात सुकतात. रोजच्या स्वयंपाकाचाच धूर, वेगळे इंधन नाही. ते मांस मग अखुनी म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबर किंवा बांबूच्या कोंबांबरोबर शिजते. गोव्यातली चुरीस, म्हणजे डुकराच्या मांसाची सॉसेज, मीठ, व्हिनेगर आणि तिखट यांत मुरवून उन्हात वाळवतात आणि धुरावर धरतात, पावसाळ्याची बेगमी म्हणून. दोन्हीकडे धूर एकटा काम करत नाही. नागालँडमध्ये त्याच्या जोडीला थंड डोंगराळ हवा आणि सुकवणे आहे, गोव्यात मीठ आणि आंबटपणा. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात नुसत्या धुराने मांस टिकत नाही हे गोव्याच्या लोकांनी केव्हाच ओळखले होते.

अमेरिकेतही सुरुवात साध्याच वस्तूंनी झाली. टेक्सासच्या मध्यभागातल्या लॉकहार्टसारख्या गावांत जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांच्या खाटीकखान्यांत न विकलेले मांस विटांच्या भट्टीत ओकच्या लाकडावर धुरावून विकायची चाल होती. आज जगभर गाजलेले ब्रिस्केट त्याच मुशीतून आले. जमैकात जर्क कोंबडीसाठी तेलाचे पिंप उभे चिरून त्याची झाकणाची शेगडी करतात आणि ऑलस्पाइसच्या झाडाचे लाकूड जाळतात. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने पाण्यात तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचा गोल मधोमध कापला, खाली पाय आणि वर झाकण बसवले, हवेसाठी भोके ठेवली. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी घरांच्या मागच्या अंगणात आज जी गोल किटली-शेगडी असते, ती हीच.

त्या किटलीचा शोध निखारे धरण्याचा नव्हता, झाकणाचा होता. आपल्या शेगडीला कमी काय, तर झाकण. उघड्या शेगडीवर खालून धग आणि वरून गार हवा असते. पातळ तुकडे, मासे, कणसे यांना ते पुरते. कोंबडीची अख्खी तंगडी ठेवली की बाहेर करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. झाकण ठेवले की आतली गरम हवा सगळ्या बाजूंनी काम करते, निखाऱ्यांना मिळणारी हवा आवाक्यात येते आणि चरबी ठिबकून उठणारे भडके विझतात.

मग घरी करायचे काय? बांधकामावरचे जाड लोखंडी घमेले घ्यावे, नवे, सिमेंट न लागलेले. त्याच्या अर्ध्या भागात निखारे, अर्धा भाग मोकळा, मध्ये दोन कोरड्या विटांची आडभिंत. वर जाळी. जाळीवर उपडे ठेवायला तेवढ्याच व्यासाचे दुसरे घमेले किंवा मोठे पातेले, खाली बोटभर फट राहील असे. ही फटच तुमची हवेची खिडकी. निखाऱ्यांच्या बाजूला तुकड्याला रंग आणायचा आणि मोकळ्या बाजूला सरकवून झाकणाखाली आतपर्यंत शिजवायचा. मोकळ्या बाजूला जाळीखाली पाण्याचा टोप ठेवला तर चरबी त्यात पडते आणि आच एकसारखी राहते. किटली-शेगडीची बहुतेक सारी कामे या जोडणीत होतात. जागा असेल तर विटा कोरड्याच रचून गुडघाभर उंच चौकोन करावा. त्यात जाळीची उंची एका थराने वर-खाली करता येते, आणि उंचीने आच बदलणे हवेने बदलण्यापेक्षा सोपे आहे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा पत्रा निखाऱ्यांसाठी वापरू नये, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो. नदीतले गोटे किंवा ओल्या विटा जाळात ठेवू नयेत, आतल्या पाण्याची वाफ होऊन त्या फुटतात. जुने पिंप वापरायचे असेल तर त्यात पूर्वी काय होते हे खात्रीने माहीत हवे, आणि आतला रंग-लेप आधी मोठ्या जाळाने पूर्ण जाळून टाकलेला हवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मला सर्वांत पटणारी वाट चिनी आहे. सिचुआनमध्ये बदक चहाच्या पत्तीवर आणि कापराच्या झाडाच्या लाकडावर धुरावतात. घरगुती कढईत त्याचीच सोपी रीत चालते. जाड लोखंडी कढईला आतून फॉइल लावायची, त्यात मूठभर तांदूळ, तेवढीच चहा पावडर, दोन चमचे साखर किंवा गूळ आणि असल्यास चक्रीफूल. वर जाळी, जाळीवर आधी वाफवलेली कोंबडी किंवा मासा, आणि घट्ट झाकण. मोठ्या आचेवर धूर दिसू लागला की आच मध्यम करून दहा मिनिटे, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटे झाकण न उघडता. सुरुवातीपासून पंखा चालू आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. यात नॉनस्टिक भांडे चालत नाही, कोरडे तापल्यावर त्याच्या लेपातून घातक वायू निघतात. विजेच्या ग्रिलबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. ती नीट भाजते, धूर देत नाही, आणि बंद स्वयंपाकघरात तोच तिचा फायदा आहे.

विकत घ्यावे असे एकच साधन मी सुचवीन: टोकदार सळीचा डिजिटल थर्मामीटर. काहीशे रुपयांत मिळतो आणि महागड्या भट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. निखाऱ्यांची धग मात्र हाताने कळते. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरून दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर आच तीव्र, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम, आठ-दहा सेकंद धरवला तर मंद.

मांसाकडे वळताना एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. टेक्सासच्या कृती गोमांसाच्या ज्या तुकड्यासाठी रचल्या गेल्या तो महाराष्ट्रात मिळत नाही. गोवंशाच्या कत्तलीवर २०१५ पासून पूर्ण बंदी आहे. म्हशीचे मांस कायद्याने चालते, पण ते सगळीकडे मिळत नाही आणि त्यात स्नायूंमधली चरबी कमी असते. आपले मटण म्हणजे बोकड: चरबी थोडी, कोलॅजन भरपूर. बारा तास मंद धुरात ठेवलेला बोकडाचा तुकडा मऊ होण्याआधी सुकतो. म्हणून काही जण आधी कुकरला शिट्ट्या काढून नंतर निखाऱ्यांवर धरतात. मांस मऊ होते, पण धुराची चव कुठेतरी वरच राहते.

क्रम उलटा करावा. धुरातली चवीची द्रव्ये थंड, ओलसर, कच्च्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त बसतात. शिजून कोरड्या झालेल्या पृष्ठभागावर ती फार धरत नाहीत. म्हणून आधी धूर, मग कुकर, मग निखारे. दस्तीचे किंवा सीन्याचे हाडासकट मोठे तुकडे रात्री किलोला १२ ते १५ ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवावेत. सकाळी फ्रिजमधून थेट घमेल्याच्या मोकळ्या बाजूला, निखाऱ्यांवर लाकडाचा तुकडा, आणि झाकणाखाली तासभर धूर. तिथून लगेच कुकरमध्ये, कांदा आणि अर्धी वाटी पाणी घालून. कुकरमध्ये कोलॅजनचे काम अर्ध्या तासात होते, शिवाय धुराचा वास असलेला रस्सा हाती लागतो. शेवटी तुकडे निथळून तीव्र निखाऱ्यांवर दोन-तीन मिनिटे, तेव्हा वाटण लावायचे. शुद्धतावादी म्हणतील की कुकर आला की हे धुरावणे उरलेच नाही. मला त्यात तथ्य वाटत नाही. बोकडाच्या मांसाचे स्वरूप पाहून केलेली ही रचना आहे, आणि चवीला ती टिकते.

वाटण शेवटी का, तर ओले खोबरे, लसूण आणि लाल तिखट फार लवकर करपतात आणि कडू होतात. शिवाय मसाला मांसात काही मिलिमीटरच्या पलीकडे शिरत नाही, खोलवर जाते ते मीठ. कच्च्या पपईचा गर बोकडाला उपयोगी खरा, पण तो किलोला एक-दोन चमचे आणि दोन-तीन तास इतकाच. रात्रभर ठेवला तर बाहेरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

कोंबडीत कष्ट कमी आहेत. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी सोलतात. धुरावायची असेल तर कातडीसकट मागावी, कारण तीच मांसाला सुकण्यापासून वाचवते. अख्खी कोंबडी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून, कणा काढून, छातीवर दाबून सपाट केली की सगळीकडे सारखी शिजते. मोकळ्या बाजूला, झाकणाखाली, पाऊण ते एक तास. कातडी सोललेलीच मिळाली तर घट्ट दह्याचा लेप तिच्या जागी काही प्रमाणात काम करतो. डुकराचे पोटाकडचे चरबीदार मांस मिळणाऱ्यांनी तर लांबलचक धुरावण्याचा खरा आनंद त्याच्यावरच घ्यावा. ते चुका माफ करते.

माशांत बांगडा आणि तारली. तेलकट मासा धूर चांगला धरतो. तासभर मिठाच्या पाण्यात, मग पंख्याखाली पृष्ठभाग चिकटसर होईपर्यंत, मग मंद धुरात चाळीस मिनिटे. ताज्या बोंबलात इतके पाणी असते की जाळीवर तो टिकतच नाही. पापलेट भाजावे, धुरावून त्याची नाजूक चव घालवू नये.

लाकूड कोणते? आंबा, पेरू, चिकू, जांभूळ, बाभूळ ही कठीण लाकडे चालतात. आंब्याचा धूर सौम्य, बाभळीचा उग्र, तेव्हा बाभूळ थोडीच. नारळाच्या करवंटीचे निखारे कडक होतात आणि सोडण धुमसत धूर देते. लाकूड वर्षभर वाळलेले असावे. काड्या पाण्यात भिजवायची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, पण वाळलेले लाकूड तासाभरात फारसे पाणी पीत नाही, आणि जे पिते त्याने आधी वाफ आणि मग कोंदट पांढरा धूर होतो. पातळ निळसर, जेमतेम दिसणारा धूर चांगला. दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होते आणि घशाला चरचरते. तो आला तर लाकूड वाढवायचे नाही, हवा वाढवायची.

कोकणातल्या वाचकांसाठी मुद्दाम: काजूची टरफले कधीही जाळू नयेत. त्यातले तेल कातडी भाजून काढते आणि त्याचा धूरही तसाच. कण्हेरीची काडी सळई म्हणूनही नको, ती विषारी आहे. निलगिरी, चीड, खोक्यांची पाइनची फळकुटे, प्लायवूड, रंगवलेले किंवा औषध मारलेले लाकूड, हे सगळे बाद. लोहाराकडचा दगडी कोळसाही बाद, त्यात गंधक असते. लाकडी कोळसा पाडणे हा लोणारी समाजाचा पूर्वापार धंदा. आज बाजारात येणारा बराचसा कोळसा वेड्या बाभळीचा असतो. तो चांगला जळतो, पण ठिणग्या उडवतो, म्हणून पांढरी राख धरेपर्यंत वीस-तीस मिनिटे थांबावे आणि मगच मांस चढवावे. पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास पहिल्या घासापर्यंत राहतो. कागद आणि नारळाच्या शेंड्या पुरतात.

सुरक्षिततेबद्दल मोघम लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत ठेवलेल्या शेगडीने दर हिवाळ्यात देशात माणसे दगावतात. काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही खोलीच समजावी. शेगडीची जागा गच्चीत, अंगणात, शेतात. काम झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतून, ढवळून, हात लावून पाहिल्याशिवाय आत येऊ नये.

कोंबडी हाडाजवळ ७४ अंश, खिमा ७१, अख्खा तुकडा आणि मासा ६३, हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे घरासाठी पुरेसे आहेत. कच्चे मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. विदर्भातला एप्रिल-मे म्हणजे हा एक तासाचाच नियम. याच कारणाने ३० अंशांच्या खाली, मांस न शिजवता केवळ धूर देण्याची जी युरोपीय पद्धत आहे, ती आपल्या हवेत घरी करू नये. त्या पद्धतीत जंतूंना वाढायला हवे तेवढेच तापमान दिवसभर मिळते, आणि त्यांना रोखणाऱ्या नायट्राइट मिठाचे अचूक मोजमाप घरगुती काट्यावर जमत नाही. बांगड्याबद्दल आणखी एक: शिळा झाला की त्यात हिस्टामाइन तयार होते आणि ते शिजवून किंवा धुरावून जात नाही. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, आणि बाजारातून घरी बर्फात, एवढे पाळले नाही तर पुढचे सगळे श्रम वाया.

राहिला कर्करोगाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले, आणि त्या व्याख्येत धुरावणेही येते. चरबी निखाऱ्यांवर पडून उठणाऱ्या धुरात आणि करपलेल्या पृष्ठभागावर घातक द्रव्ये असतात. हे नाकारून उपयोग नाही. जे हातात आहे ते करावे: भडक्यावर भाजू नये, चरबी पाण्याच्या टोपात पडू द्यावी, करपलेला भाग कापून टाकावा, आणि लिंबू, दही, मसाले यांत मुरवावे, कारण अशा मुरवण्याने काही घातक द्रव्ये कमी बनतात असे अभ्यासांत दिसले आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, घरच्यांनी जमून करायचे हे काम आहे. रोजच्या जेवणात त्याला जागा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहराच्या हवेचाही विचार हवा. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, आणि त्यानंतर महापालिकेने कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. घरगुती शेगडी त्यात नव्हती. पण गच्चीवरचा धूर वरच्या मजल्यावरच्या दम्याच्या रुग्णाच्या खिडकीत जातो, तेव्हा सोसायटीत आधी विचारणे आणि मुंबईत शक्यतो कढईची पद्धत वापरणे बरे.

धुरावलेले मांस टिकते का, हे नेहमी विचारले जाते. घरी तासभर धुरावलेले मांस टिकाऊ होत नाही. ते शिजवलेल्या मांसासारखेच, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. पुन्हा गरम करताना झाकून, थोड्या पाण्याच्या हबक्यावर, वाफ धरेपर्यंत. आणि हाडे फेकू नयेत. धुरावलेल्या मटणाचे एक नळीचे हाड मसुराच्या आमटीत वीस मिनिटे उकळले तर अख्ख्या पातेल्याला चव येते. भुजिंगच्या धर्तीवर उरलेले तुकडे पोह्यांत परतले तरी चालतात, फक्त मीठ आधी चाखून घालावे, कारण रात्रभर मुरलेले मीठ मांसात आहेच.